पडदा आणि पंचक्रोशी: नगर जिल्ह्यातून दिसणारे सिनेमा-समाजाचे नाते

सिनेमामुळे समाज बिघडतो, की समाज असतो तसा सिनेमा निघतो, हा वाद मराठीत बोलपटाइतकाच जुना आहे. 1937 साली प्रभातचा 'कुंकू' आला तेव्हा जरठ-कुमारी विवाहावर घरोघर बोलले गेले. 2016 साली 'सैराट' आला तेव्हा आंतरजातीय प्रेमावर चावडीपासून विधानभवनापर्यंत बोलले गेले. दोन्ही वेळा एका बाजूला सिनेमाचे कौतुक करणारे होते, दुसऱ्या बाजूला त्याला दोष देणारे. पण सिनेमाने नेमके काय बदलले, हे दोन्ही वेळा कोणी नीट तपासले नाही.

या वादाचा आढावा मुंबई-पुण्यातून घेण्याची आपली पद्धत आहे, कारण चित्रपट तिथे तयार होतात. इथे तो अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून घेतला आहे. आकाराने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेला प्रवरा-गोदावरीकाठचा ऊस आणि साखर कारखाने, दक्षिणेला जामखेड-कर्जत-पाथर्डीचा दुष्काळी पट्टा. शिर्डी आणि शनिशिंगणापूर ही सिनेमाच्या पडद्यावरून देशभर पोहोचलेली दोन देवस्थाने याच जिल्ह्यात आहेत. जातीय अत्याचाराच्या ज्या घटनांनी गेल्या दशकात महाराष्ट्र हादरला, त्यांतल्या काही इथल्याच. आणि ज्या चित्रपटांनी मराठी पडद्यावर जात उघडपणे आणली, त्यांच्या दिग्दर्शकांचे शिक्षणही इथल्याच एका महाविद्यालयात झाले. सिनेमा-समाजाच्या वादातल्या जवळपास प्रत्येक भूमिकेला एखादे जिवंत उदाहरण या एका जिल्ह्यात सापडते.

संतपट आणि नगरचा कृष्ण

सुरुवात प्रभातच्या काळापासून करावी लागते. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ने (1936) मराठी प्रेक्षकाला पडद्यापुढे हात जोडायची सवय लावली. त्याच जोडीच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये (1940) मोठ्या ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनी केली. मोडक मूळचे नगरचे, 1918 साली मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. 'श्यामसुंदर'मध्ये (1932) ते बालकृष्ण झाले आणि पुढे अनेक चित्रपटांत कृष्णच राहिले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे नगर जिल्ह्यात आणि पडद्यावरचे ज्ञानेश्वर नगरच्या ख्रिस्ती घरातले. हा योगायोग असला तरी त्यातून त्या काळच्या प्रेक्षकाचा एक गुण कळतो. नटाचा धर्म बाजूला ठेवून त्याने भूमिकेपुढे माथा टेकवला.

सिनेमाकडे समाजसुधारणेचे साधन म्हणून पाहणारी पहिली भूमिका याच काळात तयार झाली. 'कुंकू', 'माणूस' (1939), 'शेजारी' (1941) या चित्रपटांमागे प्रेक्षकाला शहाणे करता येते, हा स्पष्ट विश्वास होता. प्रभातच्या कर्त्यांना तो होता आणि त्या काळच्या बऱ्याच समीक्षकांनाही. पुढे 'श्वास'पर्यंत (2004) आणि त्यानंतरही मराठी सिनेमाच्या कौतुकात 'आशयघन' हा शब्द वारंवार आला, तो याच विश्वासाचा वारसा आहे.

गावात मात्र सिनेमा वेगळ्या वाटेने आला. तालुक्याच्या गावी टॉकीज होण्याआधी आणि झाल्यावरही खेड्याने सिनेमा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. ट्रकवर लादलेले प्रोजेक्टर, जनरेटरचा आवाज, खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर बसलेली माणसे, बाया एका अंगाला, गडी दुसऱ्या अंगाला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. 2016 साली कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली, तोवर हा धंदा जवळजवळ बुडाला होता. तंबूतला प्रेक्षक सिनेमाकडे देवदर्शन, कुस्त्यांचा आखाडा आणि तमाशाचा फड यांच्या रांगेतली गोष्ट म्हणून पाहत होता. हे विसरून प्रेक्षकावरच्या 'परिणामा'ची चर्चा करणे चुकीचे ठरते.

तमाशाचेही तसेच. 'सांगत्ये ऐका' (1959) आणि 'पिंजरा' (1972) या चित्रपटांनी तमाशाकडून लावणी घेतली आणि त्या बदल्यात तमासगीर बाईची एक ठरावीक प्रतिमा समाजाला दिली. मग तमाशानेही सिनेमाची गाणी उचलली. कांताबाई सातारकर यांच्यासारख्या मोठ्या कलावतीचे वास्तव्य संगमनेरात होते. त्या परंपरेतल्या फडांनाही प्रेक्षक टिकवायचा म्हणून हिंदी-मराठी चित्रपटगीतांना कार्यक्रमात मोठी जागा द्यावी लागली. यात कोणी कोणाला बिघडवले, हे ठरवणे अवघड आहे. देवाणघेवाण झाली आणि तिच्यात वगाची जागा आक्रसली, एवढे मात्र नक्की.

शिर्डी: सिनेमाने खरोखर माणसे हलवली

सिनेमाचा समाजावर परिणाम होतो, असे म्हणणाऱ्यांच्या हातात शिर्डीइतका बळकट पुरावा दुसरा नाही. साईबाबांचे निधन 1918 साली झाले. त्यांच्यावर कुमारसेन समर्थ यांचा 'शिर्डीचे श्री साईबाबा' हा मराठी चित्रपट 1955 साली आला. खरी लाट आली 1977 साली. त्या एका वर्षात 'शिर्डी के साईबाबा' आला, ज्यात सुधीर दळवी यांनी साईबाबा साकारले आणि मनोजकुमार यांचा मोठा सहभाग होता. त्याच वर्षी मनमोहन देसाई यांच्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये साईंची कव्वाली आली. साईभक्तीवर पुस्तक लिहिणाऱ्या अभ्यासक कार्लिन मॅक्लेन यांनीही साईंच्या देशव्यापी प्रसारात सिनेमाच्या वाट्याची दखल घेतली आहे. शिर्डीकरांनी हे ऋण आपल्या पद्धतीने मान्य केले. गावातल्या एका रस्त्याला मनोजकुमार यांचे नाव देण्यात आले.

शनिशिंगणापूरचा प्रवास थोडा उशिराचा. 1990 च्या दशकात भक्तिगीतांच्या कॅसेट आणि गुलशनकुमार यांच्या शनिदेवावरच्या चित्रपटाने बिनदाराच्या घरांचे हे गाव देशभर माहीत झाले. त्याच सुमारास शिर्डी-शिंगणापूर अशी एकाच फेरीतली जोडयात्रा रूढ झाली. त्यामागे रस्ता आणि जीपवाले जितके होते, तितकीच कॅसेटही होती.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. रेल्वे, रस्ते, संस्थानाची व्यवस्था, शहरी मध्यमवर्गाच्या हातात आलेला पैसा आणि अडचणीच्या काळात देवाचा शोध या गोष्टी नसत्या, तर एका चित्रपटाने शिर्डीत गर्दी झाली नसती, असे ही बाजू मांडणारे म्हणतात. 'जय संतोषी माँ' (1975) पाहताना लोकांनी चपला बाहेर काढल्या. शुक्रवारचे व्रतही घरोघर पोहोचले. तरीही त्यातून शिर्डीसारखे नगर वसले नाही. म्हणजे नुसता पडदा पुरत नाही. माझे मत या दोन्हींच्या मध्ये आहे. ज्या दिशेने समाज निघालाच आहे, त्या दिशेने सिनेमा त्याला फार जोराने ढकलतो.

याच घडामोडीवर सिनेमाने उलटून टीकाही केली. उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'मध्ये (2011) एका खेड्यात देव प्रकटतो आणि गावाचा बाजार होतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विभागून मिळाला. तरी कोणत्याही देवस्थानाचा बाजार त्यामुळे कमी झाला नाही. सिनेमाची स्तुती लोकांना हलवते आणि टीका हलवत नाही, हा फरक या चर्चेत पुरेसा लक्षात घेतला जात नाही.

साखर कारखाना आणि पाटलाचा चेहरा

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेकाठी लोणीत उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, 1950 च्या सुमारास. पुढच्या पंचवीस वर्षांत या सहकाराची सत्ता झाली आणि त्या सत्तेची पहिली कठोर तपासणी मराठी पडद्यावर झाली ती 'सामना'त. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि निर्माते रामदास फुटाणे, जे मूळचे जामखेडचे. 1975 साली हा चित्रपट बर्लिन महोत्सवात गेला. बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हा एक साधा प्रश्न दारू प्यायलेला मास्तर विचारत राहतो आणि साखरसम्राट हिंदुरावाचा सगळा डोलारा हलतो.

'सामना'कडे पाहण्याच्या दोन दृष्टी आजही कायम आहेत. पहिली म्हणते की ग्रामीण सत्तेवर इतक्या धीटपणे बोट ठेवणारा चित्रपट त्याआधी झाला नव्हता, आणि तो पुण्या-मुंबईच्या बुद्धीइतकाच जामखेडच्या अनुभवातूनही आला होता. दुसरी म्हणते की त्यानंतर मराठी सिनेमाने पाटलाचा, सरपंचाचा, चेअरमनचा एकच साचा करून टाकला. टोपी, धोतर, वाड्याच्या ओट्यावरची बैठक आणि बाईवर नजर. शाळा, दवाखाने, दूध संघ उभे करणारा सहकार पडद्यावर आलाच नाही. 'सामना'तला हिंदुराव साकारणारे निळू फुले आयुष्यभर राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात राहिले, तरी खेड्यातल्या बाया त्यांना पाहून तोंड फिरवत, हे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते.

नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांची गोष्ट याच जातीची. 'अर्धसत्य'मधला (1983) रामा शेट्टी आणि 'सडक'मधली (1991) महाराणी यांच्यामुळे देशाला ज्याचा धाक वाटला, तो माणूस इकडे अंधश्रद्धा निर्मूलनापासून अनेक सामाजिक कामांत उभा राही. 2013 च्या होळीत पाणी वाया घालवू नका असे सांगायला गेले, तर त्यांनाच मारहाण झाली. त्यांचे पडद्यावरचे शब्द लोकांनी मनावर घेतले आणि रस्त्यावरचे घेतले नाहीत.

'फँड्री' आणि खर्डा

आता या आढाव्याच्या सर्वांत अवघड भागाकडे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे नगर जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या सोलापुरातले. संज्ञापनाचे शिक्षण मात्र नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात झाले. 'पिस्तुल्या' या लघुपटाला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' 14 फेब्रुवारी 2014 ला प्रदर्शित झाला. त्यालाही पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. कथेतले गाव नगरजवळचे अकोळनेर आहे.

त्यातला एक प्रसंग या सगळ्या वादाच्या मुळाशी जातो. कैकाडी कुटुंब गावासाठी डुक्कर धरायला धावते आहे. गावातली पोरे, त्या घरातल्या जब्याचे वर्गमित्र, सगळे बघत हसताहेत. डुक्कर हाताशी आलेले असताना शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. पुढे धरलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते ज्या भिंतीवरून जातात, तिच्यावर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रे रंगवलेली आहेत. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो. ज्याला हसू आले होते त्याने त्या हसण्याचा हिशोब द्यावा, अशी ही मांडणी आहे.

त्यानंतर अडीच महिन्यांत, 28 एप्रिल 2014 ला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलतो, हा संशय त्यामागे असल्याचा आरोप होता. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्याआधी, जानेवारी 2013 मध्ये नेवासा तालुक्यातल्या सोनईत प्रेमसंबंधाच्या कारणावरून तिघा तरुणांना मारले गेले होते. त्या खटल्यात 2018 साली नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

या जोडणीतून निघालेले निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. एक मत असे की 'फँड्री'ने काहीच थांबवले नाही. मल्टिप्लेक्समध्ये टाळ्या वाजवणारा प्रेक्षक आणि खर्ड्यातली माणसे यांची भेटच झाली नाही. दुसरे मत असे की खर्ड्याची घटना ज्या तीव्रतेने राज्यभर बोलली गेली, तिला भाषा आणि चित्र 'फँड्री'ने पुरवले होते. मला दुसऱ्या मतात तथ्य वाटते, पण ते सिद्ध करायला पुरावा नाही, हेही मान्य केले पाहिजे. वर्तमानपत्रांतले लेख मोजून गावातले मन कळत नाही.

'सैराट' आणि कोपर्डी

मंजुळे यांचाच 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला आला आणि मराठीतला तोवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, 13 जुलैला, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत अल्पवयीन मराठा मुलीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली. आरोपी दलित होते. संताप प्रचंड होता, आणि तो रास्त होता. ऑगस्टपासून राज्यभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. कोपर्डीच्या न्यायाबरोबर आरक्षण आणि अॅट्रॉसिटी कायद्यातले बदल या मागण्याही आल्या. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा दिली.

या काळातल्या चर्चेत 'सैराट'चे नाव ओढले गेले. चित्रपटामुळे पोरापोरींची डोकी फिरतात, असे काहींनी म्हटले. मराठा समाजातल्या काहींची तक्रार अधिक नेमकी होती. पडद्यावर आपण पुन्हा पुन्हा मारेकरी म्हणूनच दिसतो आणि आपल्या लेकीवर आलेला प्रसंग कोणी पडद्यावर आणत नाही, असे ते म्हणत. याला उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे होते की कोपर्डीचा गुन्हा आणि 'सैराट'मधले प्रेम एका दमात बोलणेच अन्याय्य आहे. चित्रपटात मुलगी स्वतः निवड करते, आणि शेवटी मारले जाते ते त्या निवडीसाठी.

दलित-बहुजन समीक्षेतही एकमत नव्हते. काहींना 'सैराट'ने जातीचा प्रश्न त्यातल्या 'झिंगाट' गाण्यावर नाचणाऱ्या लाखो तरुणांपर्यंत नेला, हे मोठे यश वाटले. काहींना त्यातली गाणी आणि संथ गतीतली प्रणयदृश्ये 'फँड्री'च्या दगडाची धार बोथट करणारी वाटली. 2018 साली हिंदीत 'धडक' आला. कथा राजस्थानात गेली, जात जवळजवळ पुसली गेली, आणि जे उरले ते श्रीमंत-गरिबाचे प्रेम. व्यापारी सिनेमा जातीला किती पेलतो याचे एवढे स्पष्ट उत्तर दुसरे नाही.

कोण करतो, कोण पाहतो

परिणामाच्या वादाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न साधनांचा आहे. भाऊराव कऱ्हाडे शिरूर परिसरातले, तेही नगरच्या न्यू आर्ट्समध्ये संज्ञापन शिकलेले. त्यांनी जमीन विकून 'ख्वाडा' केला, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. 2023 साली त्यांच्याच 'टीडीएम'ला पुरेसे खेळ मिळेनात म्हणून तो चित्रपटगृहांतून काढून घ्यावा लागला आणि नंतर पुन्हा प्रदर्शित झाला. मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळेचे खेळ मिळावेत म्हणून सरकारने 2015 सालीच घोषणा केली होती. घोषणा आणि तिकीटखिडकी यांच्यातले अंतर 'टीडीएम'ने दाखवून दिले.

करमाळा, जामखेड, कर्जत, शिरूर हा एकच कोरडवाहू पट्टा आहे, जिल्ह्यांच्या सीमा त्यावर नंतर पडल्या. इथली मुले एसटीने नगरला शिकायला येतात. त्यांच्यातून कॅमेरा धरणारे निघाले, कारण त्यांना परवडेल अशा फीत तो शिकवणारा विभाग जवळ होता. 'प्रतिबिंब'सारख्या लघुपट महोत्सवांनी त्यांना प्रेक्षक दिला. एक वर्ग या बदलाला मराठी सिनेमाचे लोकशाहीकरण म्हणतो. दुसरा वर्ग विचारतो की दोन-तीन नावांच्या पुढे यादी का सरकत नाही, आणि त्या यादीत बाई का नाही. या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणीही समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

पाहणाऱ्यांची बाजूही झपाट्याने बदलली. तंबू गेले, एकपडदा टॉकीज एकामागून एक बंद पडली. सिनेमा आता शेताच्या बांधावर मोबाइलमध्ये पाहिला जातो. पूर्वी 'परिणाम' सामूहिक होता. टॉकीजमधून बाहेर पडलेली माणसे चहाच्या टपरीवर वाद घालत. एकट्याने, कानात वायर घालून पाहिलेल्या 'फँड्री'चा परिणाम कसा असतो, हा या विषयातला सर्वांत कमी अभ्यासलेला भाग आहे.

काय ठरले, काय उरले

ठरल्यासारखे एवढेच दिसते: समाजाची श्रद्धा आणि बाजार ज्या बाजूला आहेत तिथे सिनेमाची ताकद अफाट आहे. जिथे तो सत्तेला आणि जातीला अडवतो, तिथे त्याची ताकद चर्चा पेटवण्यापुरती दिसते. चर्चेतून पुढे वर्तन बदलते का, हे उघडे आहे. सहकाराचे एकांगी चित्रण झाले का, हेही उघडे आहे, कारण त्या बाजूचा सिनेमा अजून कोणी केलेला नाही. बायकांनी यातले काय पाहिले आणि काय घरी नेले, याची नोंदच नाही.

ही नोंद करण्याची वेळ अजून गेलेली नाही. फिरत्या टॉकीजचे ऑपरेटर, तिकिटे फाडणारे, 1977 साली बैलगाडीने जाऊन साईबाबांचा चित्रपट पाहिलेल्या आज्या, 'फँड्री' शाळेच्या हॉलमध्ये पाहिलेली मुले, ही सगळी माणसे जिल्ह्यात आज बोलायला तयार आहेत. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या महाविद्यालयांनी मराठी, समाजशास्त्र आणि संज्ञापनाच्या विद्यार्थ्यांना एका वर्षाचा प्रकल्प म्हणून गावोगाव पाठवावे, प्रेक्षकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्या जिल्हा वाचनालयात सर्वांना खुल्या ठेवाव्यात. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या टॉकीजची तिकिटे, हँडबिले, फोटो असतील, तर त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या महाविद्यालयाकडे द्यावेत.